उपग्रहाची नाडी

मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नागपूर शहर मध्यरात्री झोपी गेलेले असते, त्या वेळी पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एक ग्रहण लागत असते. ते पंचांगात नोंदलेले नसते, त्याचे वेध कोणी पाळत नाही आणि ते सुटल्यावर कोणी स्नानही करीत नाही. भारताचे हवामान-उपग्रह पूर्व रेखांशाच्या ७४ आणि ८२ अंशांवरील जागांवर ठेवले जातात. नागपूरचा रेखांश ७९ अंशांचा. साहजिकच नागपूरची मध्यरात्र ती जवळजवळ त्यांचीही मध्यरात्र. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य, पृथ्वी आणि उपग्रह एका रेषेत येतात, पृथ्वीची छाया उपग्रहावर पडते आणि त्याचे सौरपंख निष्प्रभ होतात. हा अंधार अधिकांत अधिक ७२ मिनिटांचा. तेवढा वेळ उपग्रह जगतो तो आपल्या बॅटरीवर.

ग्रहणांचा हा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. म्हणजे वर्षाला सुमारे नव्वद रात्री. त्यांपैकी प्रत्येक रात्र उलटल्यावर सकाळी सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रात ढगांची चित्रे नेहमीप्रमाणे हजर असतात आणि आकाशात काही घडले याची कोणाला वार्ताही नसते. बॅटरीचे सारे यश या अज्ञानातच सामावलेले आहे. परंतु गेल्या वर्षी जिने नव्वद रात्री निभावून नेल्या, ती बॅटरी यंदाही नव्वद रात्री निभावील हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्राने द्यावयाचे, त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. उपग्रह उडतो तेव्हा टाळ्या वाजतात. तो निकामी होतो तेव्हा हळहळ व्यक्त होते. या दोहोंच्या मधली दहा-पंधरा वर्षे त्याची प्रकृती कोण पाहतो, कशी पाहतो आणि त्या पाहण्यावर कोणते निर्णय अवलंबून असतात, हा विषय मात्र तज्ज्ञांच्या दालनातच राहतो.

नागपूरचा संबंध

हा विषय बंगळूरच्या किंवा श्रीहरिकोट्याच्या लोकांचा, नागपूरकरांना त्याचे काय, असे कोणी म्हणू शकेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. उपग्रहांनी पाठविलेल्या चित्रांवर काम करणाऱ्या संस्था या शहरात जितक्या एकवटल्या आहेत, तितक्या देशातील थोड्याच शहरांत असतील. अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. देशाच्या मध्यभागासाठी स्थापन झालेले प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र याच शहरात आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेच्या परिसरात १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. शिवाय कापूस आणि संत्रे या विदर्भाच्या दोन प्रमुख पिकांच्या केंद्रीय संशोधन संस्थाही नागपुरातच आहेत.

विदर्भात कापूस किती क्षेत्रावर लागला, पावसाने ताण दिल्यावर कोणत्या तालुक्यातील हिरवाई कोमेजली, भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलावांत किती पाणी साठले आणि किती तलाव गाळाने भरत आले, या प्रश्नांची उत्तरे शोधताना आता उपग्रहाची चित्रे घेतली जातात. या चित्रांचे मोल एकेकट्या चित्रात नाही. यंदाचे चित्र गतवर्षीच्या आणि त्याच्याही मागच्या चित्राशी ताडून पाहता येते, यात ते आहे. मालिका तुटली की हे मोल घटते. अवर्षणाच्या नेमक्या वर्षी उपग्रह मुका झाला, तर त्या वर्षाची नोंद पुढे कोणत्याही खर्चाने परत मिळविता येत नाही. पाऊस गेला तो गेला आणि त्याची साक्षही गेली. म्हणून उपग्रहाच्या बॅटरीची प्रकृती हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहत नाही. ज्या शिक्षकाचे घर शेतीवर चालते, ज्या कारकुनाच्या टेबलावर पीकविम्याची प्रकरणे येतात, त्या सर्वांशी त्याचे दूरचे पण खरे नाते आहे.

शक्तीने दगा दिला तेव्हा

भारतीय उपग्रहांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. अनेकदा कॅमेरे, दूरक्षेपणाची साधने, संगणक हे सारे सुस्थितीत असताना केवळ वीजपुरवठ्याने दगा दिला आहे.

आरंभ आर्यभटापासूनच झाला. प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला हा पहिला भारतीय उपग्रह १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून कक्षेत गेला आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यावरील वैज्ञानिक प्रयोगांचा वीजपुरवठा बंद पडला. उपग्रहाची मूळ यंत्रणा मार्च १९८१ पर्यंत जिवंत राहिली. परंतु ज्या प्रयोगांसाठी ती होती, ते मात्र अर्ध्यावरच थांबले. पुढे १९ जून १९८१ रोजी ‘ॲपल’ हा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह उडाला. उड्डाणापूर्वीच्या चाचणीसाठी त्याला बैलगाडीवर ठेवल्याचे छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. पण कक्षेत गेल्यावर त्याच्या दोन सौरपंखांपैकी एक उघडलाच नाही, ही गोष्ट कमी लोकांना स्मरत असेल. एका पंखावर हा उपग्रह सत्तावीस महिने चालविण्यात आला. वीज किती मिळते आहे आणि किती खर्चावयाची, याचा काटेकोर हिशेब ठेवल्याविना हे साधले नसते.

ज्या इन्सॅट मालिकेने दूरदर्शन खेड्यापाड्यांत नेले, तिचाही अनुभव असाच होता. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि तीन आठवड्यांतच इन्सॅट-१ए निकामी झाला. त्याचे कारण इंधन संपणे हे होते. त्याच्या जागी ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकी अवकाशयानातून इन्सॅट-१बी सोडण्यात आला, तेव्हा त्याचा सौरपंख उघडेना. प्रमोद काळे या मराठी शास्त्रज्ञाने ज्या प्रकल्पाची धुरा वाहिली, त्या प्रकल्पाचे भवितव्य त्या एका पंखावर लोंबकळत होते. भारतीय आणि अमेरिकी नियंत्रकांच्या प्रयत्नांनी सप्टेंबरच्या मध्याला तो उघडला आणि पुढे या उपग्रहाने आपले नियोजित सात वर्षांचे आयुष्य पुरे केले. जुलै १९८८ मध्ये गेलेल्या इन्सॅट-१सीच्या शक्तियंत्रणेत बिघाड होऊन त्याच्या सी पट्ट्यातील बारापैकी सहा ट्रान्सपॉन्डर वाया गेले. संपूर्णपणे भारतात बांधलेला इन्सॅट-२डी हा जून १९९७ मध्ये उडाला आणि चार महिन्यांतच वीजवाहक यंत्रणेतील बिघाडाने गमावला. उपग्रहावर विसंबलेले राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहारही त्या वेळी विस्कळीत झाले आणि देशाला कक्षेत असलेला एक अरब उपग्रह विकत घेऊन वेळ मारून न्यावी लागली. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीच्या एका सौरपंखाकडून येणारी वीज थांबली, तेव्हा त्यावरील निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले.

ही यादी कोणाच्या उणिवा काढण्यासाठी दिलेली नाही. प्रगत राष्ट्रांच्या उपग्रहांचीही अशीच यादी देता येईल. तिच्यातून दिसते ते इतकेच की, उपग्रहाचा प्राण त्याच्या डोळ्यांत किंवा कानांत नसून त्याच्या नाडीत, म्हणजे वीजपुरवठ्यात असतो.

नाडीपरीक्षा कशी होते

वैद्य रोग्याचा हात हातात घेतो. उपग्रहाच्या वैद्याला ती सोय नाही. कर्नाटकातील हासन आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथील नियंत्रण केंद्रांत बसलेल्या अभियंत्यासमोर असतात ते केवळ आकडे. बॅटरीवरील विद्युत्दाब किती, तिच्यातून किती प्रवाह आत गेला, किती बाहेर आला आणि तिचे तापमान किती, एवढेच उपग्रह त्याला सांगू शकतो. बॅटरीत नेमकी किती वीज उरली आहे आणि तिचे आयुष्य किती उरले आहे, हे दाखविणारा काटा कोणत्याही उपग्रहावर नसतो, कारण असा काटा अस्तित्वातच नाही. ही गोष्ट मोजावयाची नसते, अनुमानाने काढावयाची असते. आणि अनुमानासाठी लागतो तो नोंदींचा साठा.

आरंभीच्या उपग्रहांत निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असत. या बॅटऱ्यांचा विद्युत्दाब बराच काळ जवळजवळ सारखा राहतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. त्यामुळे आत किती शिल्लक आहे याचा थांग लागणे कठीण. शिवाय रोज थोडीच वीज वापरली तर त्या तेवढ्याच वापराला जणू सरावतात. म्हणून ग्रहणांचा हंगाम येण्यापूर्वी त्या मुद्दाम पुष्कळशा रिकाम्या करून पुन्हा भरल्या जात. तालमीत उतरण्यापूर्वी पैलवानाने अंग मोकळे करावे, तसा हा प्रकार होता. पुढे निकेल-हायड्रोजन बॅटऱ्या आल्या. त्यांत भरणा वाढला की आतील हायड्रोजन वायूचा दाब वाढतो. तो दाब मोजला की शिल्लक कळते. वैद्याच्या हाती काही तरी नाडी लागली ती या बॅटरीत. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अशा बॅटऱ्या २००९ पर्यंत चालल्या आणि त्यानंतर अंतराळवीरांनी त्या बदलल्या. आता लिथियम-आयन बॅटऱ्यांचा जमाना आहे. त्या वजनाने हलक्या असतात. परंतु अतिभरणा आणि उष्णता या दोन गोष्टी त्यांना मुळीच सोसत नाहीत. पूर्ण भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहणेही त्यांना बाधते. म्हणून ग्रहणे नसलेल्या महिन्यांत भूस्थिर उपग्रहाची बॅटरी मुद्दाम पूर्ण भरली जात नाही.

वापराची रीतही कक्षेवर ठरते. भूस्थिर उपग्रहाला वर्षाला नव्वदच ग्रहणे. तेथे एका ग्रहणात बॅटरीतील बरीच वीज वापरली तरी चालते. परंतु पिकांची चित्रे घेणारे उपग्रह सुमारे आठशे किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला दिवसाला चौदा प्रदक्षिणा घालतात आणि बहुतेक प्रत्येक प्रदक्षिणेत अर्धा तास वा थोडा अधिक काळ छायेत जातात. वर्षाला पाच हजारांहून अधिक वेळा बॅटरीने भरावयाचे आणि रिते व्हावयाचे. अशा बॅटरीतून एका वेळी पाव हिश्शाच्या आसपासच वीज काढण्याचा दंडक असतो. पगाराचा चौथा हिस्सा खर्चून उरलेला राखणाऱ्या गृहस्थाप्रमाणे ती दीर्घायुषी होते. १७ मार्च १९८८ रोजी उडालेला आयआरएस-१ए हा पहिला भारतीय सुदूर संवेदन उपग्रह तीन वर्षांसाठी बांधलेला होता. तो आठ वर्षे चार महिने काम करून जुलै १९९६ मध्ये थांबला. अशा दीर्घायुष्यामागे ही काटकसर असते.

पायरी आणि उतार

सौरपंखांची परीक्षा वेगळ्या प्रकारची. अवकाशातील विद्युत्भारित कणांच्या माऱ्याने सौरघट हळूहळू झिजतात. म्हणून अभियंते उपग्रहाच्या अखेरच्या वर्षी जितकी वीज लागेल ती हिशेबात धरून पंख बांधतात. आरंभी त्यांच्याकडे सुकाळ असतो आणि वर्षागणिक तो आटत जातो. हा उतार अपेक्षितच असतो. त्यात चिंतेचे काही नाही, मात्र तो किती वेगाने उतरतो आहे हे ठाऊक असले पाहिजे.

आता येथे एक मौज आहे. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर असते. या दोन वेळच्या सूर्यप्रकाशाच्या तीव्रतेत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. जानेवारीतील आकड्याशी जुलैतील आकडा ताडून पाहणारा नवशिका म्हणेल की पंख झपाट्याने निकामी होत आहेत. आणि जुलैशी जानेवारी ताडणारा म्हणेल की पंख सुधारले! दोघेही फसतील. जानेवारीची तुलना जानेवारीशीच, वसंतातील ग्रहणाची तुलना मागील वसंतातील ग्रहणाशीच, आणि तीही तितकाच भार असताना व्हावयास हवी. तोच भार असताना ग्रहण सुटण्याच्या क्षणी बॅटरीचा दाब मागील वर्षापेक्षा किती खाली उतरला, हा एक आकडा अनुभवी अभियंत्याला पुष्कळ काही सांगून जातो.

झिजेचा आलेख उताराप्रमाणे असतो. बिघाडाचा आलेख पायरीप्रमाणे. घटांची एखादी माळ तुटली की वीज एका क्षणात ठरावीक मात्रेने खाली येते आणि तेथेच थांबते. उतार दिसला तर वय झाले असे समजावे आणि पायरी दिसली तर अपघात झाला असे समजावे. इन्सॅट-४बीच्या बाबतीत जे घडले ती पायरी होती. पायरीचे भाकीत सहसा करता येत नाही. उताराचे मात्र करता येते, आणि ते वेळेवर केले नाही तर दोष उपग्रहाचा नसून माणसांचा असतो. नवा उपग्रह बांधून उडविण्यास काही वर्षे लागतात. जुन्याचा उतार कोठे जाऊन टेकणार हे त्या वर्षांच्या आधी ओळखले तरच वारसदार वेळेवर तयार होतो. तीन वर्षांचा उपग्रह आठ वर्षे चालला याचा अभिमान जरूर बाळगावा. पण पुढचाही आठ वर्षे चालेल असे गृहीत धरून नियोजन करणे म्हणजे आजोबा नव्वद वर्षे जगले म्हणून नातवाने विमा न उतरविण्यासारखे आहे.

मंगळयानाचा धडा

प्रकृतीचे ज्ञान असूनही मर्यादा ओलांडता येत नाही, याचे हृदयस्पर्शी उदाहरण मंगळयानाचे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी उडालेले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलेले हे यान सहा महिन्यांच्या कामगिरीसाठी होते; त्याने सात वर्षांहून अधिक काळ साथ दिली. त्याची बॅटरी सुमारे एक तास चाळीस मिनिटांच्या छायेला पुरेल अशी होती. यानाच्या वाटेत त्याहून कितीतरी दीर्घ छाया येणार, हे गणिताने आधीच कळले होते. म्हणून जानेवारी २०१७ मध्ये शिल्लक इंधनापैकी बरेचसे खर्च करून यानाची कक्षा बदलण्यात आली आणि ते संकट टळले. बॅटरीची मर्यादा नेमकी ठाऊक असल्यामुळेच हा निर्णय घेता आला.

पाच वर्षांनी तीच छाया पुन्हा आडवी आली. एप्रिल २०२२ मध्ये यान दीर्घ ग्रहणात सापडले आणि त्याच्याशी संपर्क तुटला. या खेपेला वाट बदलण्यास आणि सौरपंख सूर्याकडे वळविण्यास लागणारे इंधन उरले नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय अवकाश संशोधन संस्थेने यान परत मिळणार नाही असे जाहीर केले. या घटनेत हळहळ वाटण्यासारखे बरेच असले, तरी लाज वाटण्यासारखे काही नाही. जे मोजले होते ते खरे ठरले. ज्याची तरतूद होती ते वाचले आणि जेथे तरतूद संपली तेथे यान थांबले. हिशेब चोख असला की अपयशातही एक प्रतिष्ठा असते.

निवृत्ती केव्हा द्यावी

उपग्रह अगदी मरेपर्यंत वापरावा, की थोडी शक्ती अंगात असतानाच त्याला निवृत्त करावे, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न. वापरणाऱ्या संस्थांना प्रत्येक अधिक वर्ष हवेसे वाटते आणि त्यात गैर काही नाही. परंतु मेलेला उपग्रह कक्षेत निर्जीव दगडासारखा पडून राहत नाही. त्याच्या बॅटरीत रासायनिक ऊर्जा असते आणि सौरपंख आपले काम करीतच राहिले तर ती बॅटरी कोणाच्याही देखरेखीविना भरत राहते. अमेरिकेचा १९९५ साली गेलेला एक लष्करी हवामान-उपग्रह फेब्रुवारी २०१५ मध्ये कक्षेत फुटला आणि त्याचे शंभराहून अधिक तुकडे झाले. बॅटरीच्या भरणयंत्रणेतील तारांत बिघाड झाला असावा, असे तपासात दिसून आले. असा प्रत्येक तुकडा दुसऱ्या उपग्रहाच्या दृष्टीने बंदुकीच्या गोळीपेक्षा भयंकर असतो.

म्हणून आता कामगिरी संपताना बॅटरी रिकामी करणे, ती सौरपंखांपासून तोडणे आणि उरलेले इंधन काढून टाकणे हा शहाणपणाचा दंडक मानला जातो. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०११ मध्ये सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स हा हवामान-उपग्रह तीन वर्षांसाठी होता आणि २०२१ पर्यंत त्याने माहिती पुरविली. त्यानंतर त्यात शिल्लक असलेल्या इंधनाचाच उपयोग करून ७ मार्च २०२३ रोजी त्याला नियंत्रित रीतीने खाली आणून प्रशांत महासागरावर नष्ट करण्यात आले. आपल्याला अजून चालता येते तोवरच घाटापर्यंत चालत जाण्याचा हा विवेक आहे. परंतु तो दाखविण्यासाठी बळ किती उरले आहे हे प्रामाणिकपणे ठाऊक असावे लागते. प्रकृतीचा अंदाज फुगविला तर ही वेळ टळून जाते.

येथेच लोकांच्या माहितीचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेची हवामान संस्था आपल्या उपग्रहांच्या एकेका यंत्रणेची स्थिती हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांनी उघडपणे जाहीर करते. तीत वीजपुरवठ्याचाही स्वतंत्र रकाना असतो. शेती, हवामान आणि जलसंपत्ती यांसाठी असलेल्या भारतीय उपग्रहांबाबतही अशी सोपी, वार्षिक प्रकृती-पत्रिका सर्वांच्या हाती का नसावी? संरक्षणाच्या उपग्रहांबाबत गुप्तता समजण्यासारखी आहे. कापसाचे क्षेत्र मोजणाऱ्या उपग्रहाच्या बॅटरीत गुप्त ठेवण्यासारखे काय असणार? नागपुरातील संस्थांना पुढील पाच वर्षांच्या कामाची आखणी करावयाची असेल, तर ज्या डोळ्यांनी पाहावयाचे त्यांची दृष्टी किती टिकणार हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. आणि ज्यांच्या करातून हे सारे चालते त्या सामान्य नागरिकांनाही तो आहे.

जमिनीवरचे सौरपंख

आकाशातील ही शिस्त जमिनीवर किती उतरली आहे, याचाही विचार व्हावयास हवा. कारण सौरपंख आता नागपूरच्या गच्च्यांवर आले आहेत आणि विदर्भाच्या शेतांत सौर कृषिपंप उभे राहत आहेत. शाळा, ग्रामपंचायती, आरोग्य केंद्रे यांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याच्या योजना आहेत. उद्‌घाटनाच्या दिवशी फीत कापली जाते आणि संचाचा आकडा अहवालात जातो. त्यानंतर तो संच दर महिन्याला किती वीज देतो, याची वही कोण ठेवतो?

उपग्रहाचा अभियंता जे पथ्य पाळतो, तेच येथेही लागू आहे. सिलिकॉनचे पॅनेल तापले की त्याची क्षमता २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते. नागपूरच्या मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले की गच्चीवरील पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते. म्हणजे पॅनेल पूर्णपणे निर्दोष असूनही भर दुपारी सोळा टक्के क्षमता केवळ उष्णतेने हरपते. मे महिन्याच्या दुपारचा आकडा डिसेंबरच्या दुपारशी ताडणारा गृहस्थ पॅनेलला नावे ठेवील. आणि खरोखर बिघडलेल्या पॅनेलचा मालक ‘उन्हाळाच तसा आहे’ म्हणून स्वस्थ बसेल. दोघांनाही वाचविणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मे महिन्याची मागील मे महिन्याशी तुलना. पॅनेलवर धूळ साचली तर उत्पादन हळूहळू उतरते आणि पुसल्यावर पूर्ववत होते. माळ तुटली तर पायरी दिसते आणि कितीही पुसले तरी ती भरून निघत नाही. ही पारख करण्यास पदवी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरसमोर उभे राहण्याची सवय लागते.

बॅटरीचेही तेच. घरोघरी असलेल्या इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचीही आठवण पाणी पार आटल्यावर होते. दुकानदाराकडे हायड्रोमीटर असतो. तो बुडवून एकेका घटातील आम्लाची घनता पाहिली तर सहांपैकी कोणता घट मागे पडतो आहे ते आधीच कळते. परंतु बॅटरी बसली की नवी आणावयाची, हाच आपला शिरस्ता. शाळेच्या संचाची बॅटरी अशी बसली तर नवी आणण्यास मंजुरी लागते आणि मंजुरी येईपर्यंत सौरपंख उन्हात निरुद्योगी पडून राहतात. शेतातील सौरपंपांवर दूरस्थ देखरेखीची यंत्रणा बसविण्याची अट सरकारी योजनेत आहे. ही चांगली गोष्ट आहे. मात्र ते आकडे ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्या शेतकऱ्याला वाचता आले पाहिजेत, त्याच्या भाषेत मिळाले पाहिजेत आणि हमीची मुदत संपण्यापूर्वी मिळाले पाहिजेत. नाही तर ती यंत्रणा कोणासाठी?

या कामी विद्यार्थ्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. ज्या शाळेच्या छपरावर सौरसंच आहे, तेथील नववीच्या वर्गाने दररोज दुपारी बारा वाजता मीटरवरील आकडा, हवेचे तापमान आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवावी. वर्षअखेरीस त्यांचा आलेख काढावा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे वही सोपवावी. तीन वर्षांत त्या शाळेजवळ आपल्या संचाच्या प्रकृतीचा असा इतिहास जमेल की कोणताही ठेकेदार ‘असेच चालते’ म्हणून त्यांची बोळवण करू शकणार नाही. त्या मुलांपैकी एखादा पुढे हासनच्या नियंत्रण केंद्रात बसलाच, तर तेथील काम त्याला परके वाटणार नाही.

उपग्रह बांधणे ही प्रज्ञेची गोष्ट आहे आणि तिचे कौतुक योग्यच आहे. तो दहा वर्षे जगविणे ही मात्र रोजच्या नोंदीची, सारख्याशी सारखे ताडण्याची आणि नकोसा आकडा न लपविण्याची गोष्ट आहे. तिच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत. सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा विषुवदिन येईल, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या आकाशातील ती छाया पुन्हा पडेल आणि दूर हासनला कोणी तरी ग्रहण सुटतानाचा आकडा मागील वर्षीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवील. विदर्भातील एखाद्या शाळेच्या वहीतही त्या दिवशी दुपारी बारा वाजता एक ओळ लिहिली जावी, एवढीच अपेक्षा.